ग्राफबाहेरचा पॉइंट

प्रॅक्टिकलला ग्राफवर एखादा पॉइंट लाइनबाहेर गेला की आपण काय करतो? गुपचूप खोडरबर काढतो! डॉ. ॲलन हायनेक यांचंही आधी थोडंफार असंच होतं.

हायनेक १९१० साली, म्हणजे हॅलेच्या धूमकेतूच्या वर्षी, शिकागोत जन्मले. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत खगोलशास्त्र शिकवत असताना १९४८ मध्ये अमेरिकन एअर फोर्सने त्यांना सल्लागार नेमलं. लोकांना दिसलेल्या ‘उडत्या तबकड्यां’मध्ये शुक्र किती, उल्का किती, हे शोधायचं. बहुतेक केसेस सुटायच्या. न सुटणारीलाही काहीतरी कारण चिकटवायची सवय लागली.

१९६६ मध्ये मिशिगनमध्ये अनेकांना विचित्र दिवे दिसले. हायनेकनी पत्रकार परिषदेत दलदलीतल्या वायूची शक्यता सांगितली आणि देशभर त्यांचं हसं झालं. एअर फोर्सचं ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ १९६९ मध्ये बंद झालं, तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ चं उत्तर मिळालेलं नव्हतं.

हायनेकनी मात्र फाइल मिटली नाही. परग्रहावरचे पाहुणे आले, असंही ठोकून दिलं नाही. उरलेला डेटा नीट तपासा, एवढाच त्यांचा हट्ट. १९७२ मध्ये त्यांनी अशा अनुभवांचं वर्गीकरण मांडलं, १९७३ मध्ये स्वतःचं अभ्यासकेंद्र काढलं. स्पीलबर्गच्या १९७७ च्या सिनेमाचं नाव त्याच वर्गीकरणातलं. त्यात ते क्षणभर दिसतातही!

१९८६ मध्ये हॅले परत आला आणि त्याच वर्षी हायनेक गेले. ते ७०१ पॉइंट्स अजून ग्राफबाहेरच आहेत. पुढच्या प्रॅक्टिकलला तुमचा एखादा पॉइंट तसा गेला, तर खोडू नका. राहू द्या.