स्टेशनचा इंडिकेटर आणि डॉ. भिसे

स्टेशनवरचा इंडिकेटर बंद पडला की प्रवासी आधी आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांच्या नावाने शिमगा करतात. पण मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी स्टेशन दाखवणारे यंत्र एका मराठी तरुणाने एकोणिसाव्या शतकातच तयार केले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तेव्हा त्या गाड्या वाफेवर धावत. विजेची पहिली लोकल आली १९२५ साली!

हा तरुण म्हणजे डॉ. शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १८६७ चा. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच कोळशापासून गॅस तयार करण्याचे उपकरण केले. पुढे लंडनच्या एका मासिकाने किराणा माल आपोआप मोजून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा ठेवली. तिच्यात भिसे यांनी इंग्रज स्पर्धकांना मागे टाकले आणि थेट लंडन गाठले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांच्या कामात स्वतःचे पैसे घातले. भिसे यांची विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात आणि लंडनच्या दुकानांत झळकली.

त्यांचा खरा ध्यास मात्र छपाईचे खिळे पाडणाऱ्या यंत्राचा, 'भिसोटाइप'चा. (पूर्वी आपल्यासारख्या स्मरणिकाही खिळे जुळवूनच छापत, हे जुन्या सभासदांना आठवत असेल.) यंत्र उत्तम होते, पण ते कारखान्यात बनवायला भांडवल हवे. हिंडमन या इंग्रज पुढाऱ्याने ते उभे करण्याचे कबूल केले, पण पैसा काही जमला नाही. १९०८ साली भिसे हात हलवत मायदेशी निघाले. बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले भेटले, त्यांनी रतन जमशेटजी टाटांशी गाठ घालून दिली आणि भिसे पुन्हा लंडनला! इतकी वर्षे एका यंत्रापायी घालवणे मला तरी जमले नसते. तेवढ्यात महायुद्ध आले आणि तोही डाव मोडला.

मग अमेरिका. तिथे आयोडिनपासून केलेल्या 'ॲटोमिडिन' या औषधाने त्यांचे नाव झाले. वर्तमानपत्रे त्यांना भारताचे एडिसन म्हणू लागली. खुद्द एडिसनशीही त्यांची भेट झाली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले.

डिप्लोमाच्या तीन वर्षांत एडिसन आम्हाला तोंडपाठ होता. भिसे हे नाव मी प्रथम ऐकले ते इथे बेंगळुरूत, आपल्याच मांडवात रोषणाईच्या वायरी ओढताना, शिडी धरून उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ सभासदांकडून.