सीझरचा महाल उभारणारा जुगारी

नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना मेहकरच्या अलीकडे बुलढाणा जिल्ह्यातील डोणगाव लागते. महामार्गावरील अशा गावांना एक व्यवहार शिकवावा लागत नाही. वाटसरू केवळ भुकेपोटी थांबत नाही. रोषणाई आणि रंगीत कमान पाहूनही त्याची पावले वळतात. याच साध्या निरीक्षणाच्या बळावर अमेरिकेत जे सार्नो या उद्योजकाने लास व्हेगास या जुगारनगरीचे रूप पालटले. त्यांचे आयुष्य जितके नेत्रदीपक, तितकेच विदारक आहे.

सार्नो यांचा जन्म १९२२ मध्ये मिसुरी राज्यातील सेंट जोसेफ येथे, पोलंडहून आलेल्या एका सामान्य ज्यू कुटुंबात झाला. मिसुरी विद्यापीठात स्टॅन्ली मॅलिन यांच्याशी त्यांची मैत्री जुळली आणि ती पुढे व्यवसायातही टिकली. प्रारंभी दोघांनी फरश्या बसविण्याची कंत्राटे घेतली. १९५८ मध्ये त्यांनी अटलांटा येथे ‘कबाना’ हे वाटसरूंसाठीचे हॉटेल उभारले. कारंजी आणि पुतळे यांनी नटलेल्या या वास्तूला प्रवाशांनी उचलून धरले. भांडवल आले ते ट्रकचालकांच्या ‘टीमस्टर्स’ या बलाढ्य संघटनेच्या निवृत्तिवेतन निधीतून.

त्या काळी लास व्हेगासमधील बहुतेक जुगारगृहांवर वाळवंटाची अथवा गुराख्यांच्या जगाची छाप होती. स्वतः जुगाराचे शौकीन असलेल्या सार्नो यांना ती वातावरणनिर्मिती तोकडी वाटली. ५ ऑगस्ट १९६६ रोजी त्यांनी ‘सीझर्स पॅलेस’चे दरवाजे उघडले. सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चाच्या या वास्तूत रोमन पुतळे, कारंजी आणि प्राचीन रोमच्या वेशातील सेविका होत्या. इंग्रजी नावातील षष्ठीचे चिन्ह त्यांनी हेतुपुरस्सर गाळले. हा महाल कोणा एका सीझरचा नव्हे, येथे येणारा प्रत्येक पाहुणा सीझर आहे, असा त्यामागचा अर्थ होता. सामान्य माणसाला काही तास सम्राट झाल्याचा भास देणे, हेच त्यांच्या व्यवसायाचे मर्म होते.

१९६८ मध्ये त्यांनी ‘सर्कस सर्कस’ हे दुसरे स्वप्न साकारले. तंबूच्या आकाराच्या या जुगारगृहात खेळणाऱ्यांच्या डोक्यावरून झोपाळ्यावरचे कसरतपटू झेपावत. मात्र येथे अंदाज चुकला. मोठ्या रकमा लावणाऱ्या जुगाऱ्यांना हा गोंधळ खपेना; आत येण्यासाठी शुल्क होते आणि मुक्कामासाठी खोल्याच नव्हत्या. १९६९ मध्ये ‘सीझर्स पॅलेस’ ‘लम्स’ या उपाहारगृह कंपनीला सहा कोटी डॉलरना विकले गेले. ‘सर्कस सर्कस’ला १९७२ मध्ये निवासी इमारतीची जोड मिळाली, तरी गाडी रुळावर येईना. याच दशकात प्राप्तिकर अधिकाऱ्याला लाच दिल्याच्या आरोपावरून सार्नो यांच्यावर खटलाही चालला. त्यात ते दोषी ठरले नाहीत.

अखेर १९७४ मध्ये विल्यम बेनेट आणि विल्यम पेनिंग्टन यांनी ‘सर्कस सर्कस’चा कारभार हाती घेतला. तंबू तोच राहिला, गिऱ्हाईक बदलले. स्वस्त खोल्या, स्वस्त जेवण आणि मुलांसाठी खेळ देऊन त्यांनी मध्यमवर्गीय कुटुंबांना साद घातली. तोट्यातील वास्तू भरभराटीला आली. पुढे याच कंपनीने १९९० मध्ये किल्ल्याच्या आकाराचे ‘एक्सकॅलिबर’ आणि १९९३ मध्ये पिरॅमिडच्या आकाराचे ‘लक्सर’ उभारले. कल्पना सार्नो यांची होती. हिशेब मात्र दुसऱ्यांचा होता.

हा हिशेब सार्नो यांना स्वतःच्या आयुष्यातही जमला नाही. फाशांच्या टेबलावर आणि गोल्फच्या पैजांवर त्यांनी प्रचंड रकमा गमावल्या, संसारही मोडला. सहा हजार खोल्यांच्या ‘ग्रँडिसिमो’ या हॉटेलचा आराखडा घेऊन ते वर्षानुवर्षे भांडवलदारांचे उंबरठे झिजवत राहिले. ते हॉटेल कधीच उभे राहिले नाही. २१ जुलै १९८४ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेही ‘सीझर्स पॅलेस’मध्येच. ज्या महालाचे ते निर्माते होते, तेथे ते अखेरीस केवळ पाहुणे होते.

महाराष्ट्रात कॅसिनोंसंबंधीचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. शेजारच्या गोव्यात मात्र मांडवीच्या पात्रातील कॅसिनो जहाजांचे दिवे रात्रभर लखलखतात. कॅसिनोमुळे महसूल आणि पर्यटन वाढेल, असा युक्तिवाद वेळोवेळी होतो आणि त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि त्याचा विचार करताना सार्नो यांचे चरित्र नजरेआड करून चालणार नाही. जुगारगृहाची प्रत्येक युक्ती ज्याने स्वतः घडवली, त्यालाही तिच्यापासून स्वतःचा बचाव करता आला नाही. मग बाहेरच्या रोषणाईला भुलून आत शिरणाऱ्या सामान्य माणसाची काय कथा?