थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा

डॉ. होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील वकील होते. होमीला चित्रे काढायचा आणि संगीत ऐकायचा फार नाद होता.

सर दोराबजी टाटा हे त्यांच्या आत्याचे यजमान. आपल्या खोपोलीचे वीजघर टाटांनीच बांधले. ते १९१५ साली सुरू झाले, तेव्हा होमी पाच वर्षांचा होता. घाटावरचे पाणी मोठ्या नळांतून खाली येते, त्यावर वीज होते. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली.

१९२७ साली होमी इंग्लंडला केंब्रिज येथे शिकायला गेला. त्याने इंजिनीअर होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावे, अशी घरच्यांची इच्छा. पण त्याचा जीव भौतिकशास्त्रात! त्याने वडलांना तसे पत्र लिहिले. वडलांनी अट घातली, की आधी इंजिनीअरिंगला पहिला वर्ग मिळवायचा, मग हवे ते शिकायचे. १९३० साली त्याने पहिला वर्ग मिळवला. मला ही गोष्ट लई आवडते. त्याने वडलांचे ऐकले आणि स्वतःचा हट्टही सोडला नाही.

१९३९ साली भाभा सुट्टीला घरी आले आणि युरोपात महायुद्ध पेटले. मग ते बंगलोरच्या विज्ञान संस्थेत काम करू लागले. तिथे सर सी. व्ही. रामन होते. पुढे भाभांनी परदेशी जायचा विचार सोडला. आपल्याच देशात मोठी संस्था हवी, म्हणून त्यांनी १९४४ साली टाटांच्या ट्रस्टला पत्र लिहिले. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. १९५६ साली ट्रॉम्बे येथे अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली.

चुलीवरच्या कालवणात पळी ठेवली, की थोड्या वेळाने तिचा दांडा पोळतो. धातूच्या अगदी बारीक कणांतून उष्णता पुढे सरकते. एका कणाकडून दुसऱ्याकडे ती इतकी झटकन जाते, की डोळ्याला दिसत नाही. एका सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केले, तर त्यातले थोडेच भाग टिकणारा लेसरचा लखकारा असतो. कुलाब्याच्या त्या संस्थेत शास्त्रज्ञ असा लखकारा पदार्थावर पाडतात आणि पदार्थ कसा तापतो ते शोधतात. भाभांनी लावलेल्या झाडाचीच ही फळे.

२४ जानेवारी १९६६ रोजी युरोपातल्या माँ ब्लाँ डोंगरावर विमान आदळून भाभा वारले. ते फक्त ५६ वर्षांचे होते. पण त्यांची संस्था बंद पडली नाही.

आमच्या वाडीतली मोठी मुले शिकली, की कर्जतहून लोकल धरून मुंबईला जातात. पुष्कळजण तिकडेच राहतात. मलाही पुढे शिकायला जायचे आहे. पण शिकून आपल्या माणसांसाठी काहीतरी उभे करायचे, हे मी भाभांकडून शिकलो.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझा नमस्कार!

– इयत्ता ४ थी