मॅटरहॉर्नवर तुटलेला दोर

क्लाइंबिंग शिकायचं डोक्यात आहे? मग हार्नेस विकत घ्यायच्या आधी एडवर्ड व्हिंपरची गोष्ट वाचा.

एडवर्डचा जन्म लंडनचा, २७ एप्रिल १८४० चा. अकरा भावंडांतला हा दुसरा. वडील लाकडावर चित्रं कोरून छपाईचे ठसे करायचे. पोरानेही लवकर शाळा सोडून तेच काम धरलं. १८६० मध्ये लाँगमन या प्रकाशकाला आल्प्सची चित्रं हवी होती. काम मिळालं वीस वर्षांच्या एडवर्डला. गिर्यारोहणाचा अनुभव? शून्य!

पण एकदा आल्प्स पाहिला आणि गडी डोंगरवेडा झाला. त्याची नजर खिळली मॅटरहॉर्नवर. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचं हे ४,४७८ मीटर उंच शिखर तोवर कुणालाच जमलं नव्हतं. १८६१ पासून तो तिथे जात राहिला आणि परत फिरत राहिला. एकट्या १८६२ च्या उन्हाळ्यात पाच प्रयत्न फसले. त्यातल्या एकदा तो एकटाच गेला होता. उतरताना पाय सटकला, सुमारे साठ मीटर आपटत खाली आला आणि कड्याच्या तोंडाशी कसाबसा थांबला. डोकं फुटलं, पण आठवडाभरात पठ्ठ्या पुन्हा चढाईला हजर!

मधल्या काळात इतर शिखरं चढत तो तयार होत गेला. कातळ कसा वाचायचा, कुठून मागे फिरायचं, हे डोंगरानेच शिकवलं. म्हणजे पाच वर्षांची शिकवणीच ती.

१४ जुलै १८६५ ला तो अखेर माथ्यावर पोचला. सोबत सहा जण होते: चार्ल्स हडसन, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, डग्लस हॅडो, वाटाड्या मिशेल क्रो आणि टाउगवाल्डर बापलेक. यातला हॅडो एकोणीस वर्षांचा, म्हणजे तुमच्याच वयाचा. आल्प्समधला त्याचा हा पहिलाच मोसम. निघण्यापूर्वी व्हिंपरने त्याच्या अनुभवाची चौकशी केली होती. मुलाने माँ ब्लाँ भराभर चढून दाखवलाय, असं हडसनने सांगितलं आणि तेवढ्यावर विषय मिटला. पण बर्फावर झपाझप चालणं वेगळं आणि खड्या कातळावर पाय रोवणं वेगळं.

घात झाला उतरताना. क्रो स्वतःच्या हाताने हॅडोची पावलं एकेका खाचेत ठेवून देत होता. इतक्यात हॅडो घसरला आणि क्रोवर आदळला. दोराच्या हिसक्याने हडसन आणि डग्लसही ओढले गेले. थोरल्या टाउगवाल्डरने दोर घट्ट धरला, पण त्याच्या आणि डग्लसच्या मधला दोर तटकन तुटला. चौघं हजारभर मीटर खालच्या हिमनदीवर कोसळले. डग्लसचा मृतदेह कधीच सापडला नाही.

तुटलेला दोर सोबतच्या दोरांपैकी सर्वांत कच्चा होता. चांगला, मजबूत दोर जवळ शिल्लक असताना हा बांधला गेला. तिघं वाचले, पण कच्चा दोर मुद्दाम बांधल्याचा संशय टाउगवाल्डरला चिकटला. चौकशीत तो निर्दोष ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. व्हिंपर पुढे ग्रीनलंडला गेला, १८८० मध्ये इक्वेडोरचं चिंबोराझो शिखर पहिल्यांदा सर केलं. तरी लोक त्याला विचारायचे ते त्या दोराबद्दलच. १६ सप्टेंबर १९११ ला तो शामोनीत वारला.

तो तुटका दोर आजही झर्मॅटच्या संग्रहालयात आहे.

तेव्हा नवखे आहात याची लाज बाळगू नका. व्हिंपरही नवखाच होता. पण त्याला मागे फिरायला वेळ मिळाला, हॅडोला मिळाला नाही. म्हणून ग्रुपमधला कुणी थेट मोठ्या सुळक्यावर चल म्हणाला, तर आधी तीन गोष्टी विचारा: दोर कोणता आहे, तो कुणी तपासलाय आणि आपण उतरणार कसे? धड उत्तर आलं नाही, तर त्या दिवशी खालीच थांबा. सुळका कुठे पळून जात नाही.