अ‍ॅडम ऑस्बर्न : अकरा किलोच्या पोर्टेबलचा बाप

मॅनेजमेंटचा विषय ज्यांनी मनापासून वाचला असेल (असे दोन-चार जण प्रत्येक वर्गात असतातच!) त्यांना ऑस्बर्न इफेक्ट हा शब्द माहीत असेल. नवा माल तयार व्हायच्या आधीच त्याचा गाजावाजा केला की गिऱ्हाईक जुना माल घ्यायचं थांबतं, साठा पडून राहतो आणि कंपनी बसते. झाली व्याख्या, मिळाले दोन मार्क. पण ज्याच्या नावावर हे पाप लावलंय तो माणूस कोण, हे कुणी सांगत नाही. मी त्याच्यापर्यंत पोचलो ते एका जुन्या कंप्युटरच्या निमित्ताने.

मला जुने होम कंप्युटर जमवायचा नाद आहे. आजवर जे मिळालं ते भंगारातून आणि ओळखीच्यांच्या माळ्यावरून. यंदा मात्र इंटर्नशिपचा स्टायपेंड साठवून एक यंत्र परदेशातून मागवायचं ठरवलं. पैसे एकाचेच, त्यामुळे निवड नीट करायला हवी. पहिलं नाव अर्थातच १९८२ चा कमोडोर ६४. पण अमेरिकेतला सेट घेतला तर तो एनटीएससी, आपला जुना टीव्ही पॅल, शिवाय वीज तिकडे ११० व्होल्ट. म्हणजे यंत्र आलं तरी चित्र कशावर बघायचं हा प्रश्न उरतोच. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम इंग्लंडचा, म्हणून विजेचं भांडण कमी. पण त्या रबरी बटणांखालचा पातळ पडदा इतक्या वर्षांत कडक होऊन तुटतो. बीबीसी मायक्रो तर परदेशातून आणायची गरजच नाही. १९८४ साली आपल्याकडे शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला, त्यात हेच कंप्युटर आले होते. एखाद्या जुन्या शाळेच्या अडगळीत अजूनही सापडू शकेल.

मग राहिला ऑस्बर्न १. याला टीव्ही लागत नाही, स्क्रीन आतच. कीबोर्ड म्हणजे पेटीचं झाकण. दोन फ्लॉपी ड्राइव्ह पोटात. आणि त्याच्या कर्त्याची माहिती वाचायला घेतली तर कळलं, की त्याचं बालपण तमिळनाडूत गेलं आणि शेवटही तिथेच झाला. मग दुसरं काही बघितलंच नाही.

अ‍ॅडम ऑस्बर्नचा जन्म ६ मार्च १९३९ चा, बँकॉकचा. वडील आर्थर ऑस्बर्न इंग्रज, तिथल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. आई पोलिश. आई-वडील दोघेही रमण महर्षींकडे ओढले गेलेले. १९४१ मध्ये आई मुलांना घेऊन तिरुवण्णामलैला आली, वडील मागे राहिले आणि जपानी सैन्याच्या कैदेत सापडले. युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, ते कुटुंबात परतले. पुढे याच आर्थर ऑस्बर्ननी महर्षींचं चरित्र लिहिलं. मुलगा अरुणाचलाच्या पायथ्याशी तमिळ बोलत वाढला, कोडाईकनालच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकला आणि अकराव्या वर्षी इंग्लंडला गेला. बाप अध्यात्मात बुडालेला आणि पोरगा पुढे सिलिकॉन व्हॅलीतला बोलभांड सेल्समन! घराण्याचा वारसा म्हणतात तो असा कुठेही वळतो.

आता आपल्या केमिकलवाल्यांनी कॉलर ताठ करावी. ऑस्बर्न कंप्युटरचा नव्हता, इलेक्ट्रॉनिक्सचाही नव्हता. १९६१ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातून त्याने केमिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली, १९६८ मध्ये अमेरिकेत डेलावेअरला पीएचडी. त्या अभ्यासासाठी गणिती मॉडेल सोडवता सोडवता प्रोग्रॅमिंग शिकला. कॅलिफोर्नियात शेलमध्ये नोकरी केली, पण मोठ्या कंपनीच्या शिस्तीत रमला नाही. बाहेर पडला आणि दुसऱ्यांच्या यंत्रांची मॅन्युअल लिहून द्यायचा धंदा सुरू केला.

हे काम ऐकायला फारच रटाळ वाटतं, नाही का? पण माझ्या मते त्याची खरी हुशारी इथेच दिसते. १९७५ च्या सुमारास मायक्रोप्रोसेसर बाजारात आले होते आणि ते कसे वापरायचे हे सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत सांगणारं पुस्तक जवळपास नव्हतंच. त्याने ते लिहिलं. प्रकाशकांनी नाकारलं, तर स्वतःच छापलं. आयएमएसएआय या कंपनीने आपल्या प्रत्येक कंप्युटरबरोबर त्याची प्रत द्यायला सुरुवात केली आणि होमब्रू कंप्युटर क्लबच्या बैठकांत हा गडी स्वतः पुस्तकांचे गठ्ठे घेऊन विकायला उभा. १९७९ मध्ये त्याची प्रकाशन संस्था मॅग्रॉ-हिलने विकत घेतली. आपल्या लायब्ररीत हर्बर्ट शिल्ट यांचे ते जाडजूड कंप्लीट रेफरन्स आहेत ना, त्यांची जुनी मूळ आवृत्ती हाती लागली तर प्रकाशकाचं नाव बघा : ऑस्बर्न/मॅग्रॉ-हिल. तो ऑस्बर्न हाच.

पुस्तकांबरोबर तो मासिकांत सदरही लिहायचा आणि त्यात कंप्युटर कंपन्यांची यथेच्छ धुलाई करायचा. महाग विकता, सॉफ्टवेअर वेगळं घ्यायला लावता, गिऱ्हाईकाला वाऱ्यावर सोडता, अशा तक्रारी. टीका करणारे पुष्कळ असतात. याने हातात पैसा येताच स्वतःच कंप्युटर काढायचं ठरवलं, आणि डिझाइनला घेतला होमब्रू क्लबचा सूत्रधार ली फेल्सेन्स्टाइन.

एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कंप्युटर फेअरमध्ये ऑस्बर्न १ लोकांसमोर आला. झेड-८० प्रोसेसर, ४ मेगाहर्ट्झ, ६४ केबी मेमरी, सीपी/एम ऑपरेटिंग सिस्टिम. स्क्रीन पाच इंची, म्हणजे आजच्या मोबाइलपेक्षा लहान. एका ओळीत ५२ अक्षरं दिसायची; ओळ लांब असेल तर खिडकीतून बघितल्यासारखं बाजूला सरकायचं. वजन जवळपास ११ किलो. विमानात सीटखाली मावतो अशी ख्याती होती. तिथपर्यंत उचलून नेणाऱ्याच्या खांद्याबद्दल न बोललेलं बरं.

यात एकही भाग जगावेगळा नव्हता. सगळे बाजारात मिळणारे. ऑस्बर्नचं म्हणणं असं, की बहुतेकांना सर्वोत्तम नको असतं, काम भागेल एवढं हवं असतं, फक्त ते सगळं एकत्र आणि परवडेल अशा भावात हवं. किंमत ठेवली १,७९५ डॉलर आणि बरोबर वर्डस्टार, सुपरकॅल्क आणि दोन बेसिक दिली. ही सॉफ्टवेअर सुटी घेतली तर त्यांचीच किंमत सुमारे दीड हजार डॉलर व्हायची. पेटी उघडा, प्लग लावा, पत्र लिहा. भराच्या काळात महिन्याला १०,००० यंत्रं खपली. आपल्या प्रोजेक्टमध्ये आपण प्रत्येक ब्लॉक भारीतला टाकायला बघतो आणि शेवटी काहीच जोडलं जात नाही, तेव्हा मला हा माणूस हटकून आठवतो.

हे यंत्र इथे आणायचं म्हणजे मात्र वेगळीच परीक्षा आहे. सुरुवातीच्या मशिनची पेटी फिकट तपकिरी, नंतरच्यांची निळसर करडी. मी नंतरची पसंत केली, कारण ती जास्त मजबूत आणि तिचे सुटे भाग सापडायला सोपे. विकणाऱ्याकडून चालू स्क्रीनचा फोटो मागायचा, नुसत्या पेटीचा नव्हे. ड्राइव्हमध्ये पुठ्ठा सरकवून हेड हलणार नाही असं करायचं. पिक्चर ट्यूबची मान काचेची आणि नाजूक, म्हणून डबल खोका. यंत्रावरच्या लेबलवर व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही. ११५ लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. पॉवर सप्लायमधले जुने कागदी कपॅसिटर आधी बदलायचे, नाहीतर पहिल्याच दिवशी धूर निघतो. हे सगळं आपल्या हातातलं. हातात नसलेली गोष्ट अशी, की परकीय व्यापार धोरणानुसार वापरलेला कंप्युटर देशात आणायला डीजीएफटीची परवानगी लागते. परदेशी भंगार इकडे ओतलं जाऊ नये हा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण चाळीस वर्षं उलटलेलं यंत्र आणि ऑफिसातून काढलेला पीसी यांना एकच मोजपट्टी लागते. परवानगी नसताना पार्सल कस्टममध्ये अडकलं तर यंत्रही गेलं आणि पैसेही. म्हणून पैसे अजून पाठवलेले नाहीत, आधी अर्ज करतोय.

परत ऑस्बर्नकडे येऊ. १९८३ च्या सुरुवातीला त्याने पुढच्या मॉडेलची, एक्झिक्युटिव्हची, वाच्यता केली. सात इंची स्क्रीन, ओळीत ८० अक्षरं. डीलर थांबले, जुना माल अडकला, आणि १३ सप्टेंबर १९८३ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुस्तकातली गोष्ट एवढीच. पण तारखा शेजारी मांडून बघा. १९८२ मध्येच केप्रो आला होता, जवळपास त्याच पैशात नऊ इंची स्क्रीन घेऊन. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकने आयबीएमचे प्रोग्रॅम चालवणारा पोर्टेबल जाहीर केला. गिऱ्हाईकाला आता आयबीएमशी जुळणारं हवं होतं आणि ऑस्बर्नची दोन्ही मशिन्स सीपी/एमची. शिवाय कंपनी इतक्या वेगाने फुगली होती, की नफा समजत होते तिथे तोटा निघाला. नवं मॉडेल गुप्त ठेवलं असतं तर फार तर काही महिने जास्त मिळाले असते, असं माझं मत. एका माणसाच्या तोंडाळपणावर सगळं ढकललं की व्याख्या सोपी होते, एवढंच.

माणूस बसून राहणारा नव्हता. १९८४ मध्येच त्याने पेपरबॅक सॉफ्टवेअर काढली : सॉफ्टवेअर पुस्तकाच्या भावात विकायचं! तिचा व्हीपी-प्लॅनर हा स्प्रेडशीट चालायचा लोटस १-२-३ सारखा आणि त्याच्या तुलनेत मिळायचा अगदी स्वस्तात. १९८७ मध्ये लोटसने कोर्टात खेचलं, मेनूची रचना चोरली म्हणून. १९९० मध्ये निकाल विरोधात गेला आणि ऑस्बर्न कंपनीतून बाहेर पडला. पुढे बोरलँडविरुद्धच्या तशाच खटल्यात १९९५ साली अपील कोर्टाने उलटं सांगितलं, की मेनूच्या आज्ञांवर कॉपीराइट लागत नाही. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टात मतं समसमान पडली आणि तोच निकाल कायम राहिला. पेपरबॅकला त्याचा काही उपयोग नव्हता.

तोवर ऑस्बर्नची तब्येत ढासळली होती. मेंदूचा आजार जडला, एकामागून एक झटके येत गेले. १९९२ मध्ये तो भारतात परतला, कोडाईकनालला बहिणीकडे. ज्या गावात शाळेत गेला त्याच गावात शेवटची अकरा वर्षं काढली. १८ मार्च २००३ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, तिथेच झोपेत गेला. तोवर लॅपटॉपचं वजन तीन किलोच्या खाली आलं होतं.