साताऱ्याचा वकील : रंगो बापूजी

वकील म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे कोर्ट आणि काळा डगला येतो. जुन्या काळी मात्र वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी पाठविलेला माणूस. आजच्या भाषेत राजदूत. असाच एक वकील साताऱ्याहून लंडनला गेला आणि सुमारे १४ वर्षे आपल्या धन्याची बाजू तेथे मांडीत राहिला. त्याचे नाव रंगो बापूजी गुप्ते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याचे लहानसे राज्य दिले; पण १८१९ च्या तहाने परक्या दरबारांशी संबंध ठेवण्याची मोकळीक काढून घेतली. पुढे याच अटीचा फास झाला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत केले, काशीला धाडले आणि त्यांचे बंधू आप्पासाहेब यांना गादीवर बसविले. महाराजांनी तलवार उपसली नाही; न्याय मागण्यासाठी विलायतेला वकील पाठविले.

रंगो बापूजी हे रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरस प्रभूंच्या घराण्यातले. लंडनमध्ये ना वकिलातीची इमारत, ना पैशाची खात्री. मुलूख परका, भाषा परकी. ते इंग्रजी शिकले. कंपनीचे डायरेक्टर दाद देईनात, तेव्हा त्यांनी भागधारकांच्या सभेचे दार ठोठावले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखी माणसे साताऱ्याच्या बाजूने बोलू लागली. रंगो बापूजींनी आपली निवेदने इंग्रजीत छापून वाटली.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. कचेरीतला कागद वाचता येत नाही म्हणून शहाणा माणूसही कसा मुकाट होतो, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच, ज्यांनी अन्याय केला त्यांचीच भाषा शिकून त्यांच्याच सभेत जाब विचारणारा हा माणूस मला रणांगणावरच्या वीराइतका मोठा वाटतो.

१८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले. पुढच्या वर्षी आप्पासाहेब गेले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. ज्याने पाठविले तो धनी राहिला नाही, राज्यही राहिले नाही. वकील मात्र राहिला! राणीसाहेब आणि दत्तकपुत्र यांच्यासाठी त्यांनी झगडा चालूच ठेवला. अखेर १८५३ मध्ये ते रिकाम्या हातांनी लंडनहून निघाले.

१८५७ मध्ये साताऱ्यातला उठावाचा बेत फुटला. १७ जणांना देहदंड झाला. कोणी फासावर गेले, कोणी तोफेच्या तोंडी, कोणी गोळ्यांनी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः निसटले, ते इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. त्यांचा अंत कोठे झाला, हे इतिहासालाही ठाऊक नाही.

ते अयशस्वी ठरले असे कोणी म्हणेल. पण १८५७ च्या उठावाला नुसते शिपायांचे बंड म्हणणाऱ्यांनी त्याआधीची ही १४ वर्षे मोजावीत. शस्त्राचा विचार करण्यापूर्वी या माणसाने शब्दाने मागता येईल तेवढे सारे मागून पाहिले होते.