रघुजीराजे आणि टोपीकरांचा तट

इंग्रज-फ्रेंच युद्धांचा विषय निघाला की आपल्याला मद्रास आठवते, पाँडेचरी आठवते. नागपूर आठवत नाही. २०२५ साली राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून रघुजीराजे भोसल्यांची तलवार विकत घेतली, तेव्हा मला हा विसर फार जाणवला. तलवारीवर सेनासाहेबसुभ्यांचे नाव देवनागरीत कोरलेले. पाते मात्र युरोपीय घडणीचे!

चांदसुलतानाच्या मृत्यूनंतर १७३९ मध्ये गोंड घराण्यात वारसाचा तंटा लागला. राणीच्या मदतीला आलेले रघुजी पुढे नागपूरचेच धनी झाले. गोंड राजाचा मान त्यांनी राखला, सत्ता मात्र आपल्या हाती घेतली. परक्याच्या भांडणात शिरून राज्य मिळवण्याची ही रीत टोपीकरांनीही पुढे वापरली, हे विसरून चालणार नाही.

१७४० मध्ये शाहू महाराजांच्या आज्ञेने रघुजी फत्तेसिंह भोसल्यांसह कर्नाटकात उतरले. दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली पडला. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेऊन त्यांनी नवाबाचा जावई चंदासाहेब याला कैद केले. त्याचे कुटुंब पाँडेचरीत फ्रेंचांच्या आश्रयाला होते. रघुजींनी ते मागितले, खंडणीही मागितली. फ्रेंच गव्हर्नर ड्यूमाने दोन्ही नाकारले आणि तटावर तोफा सज्ज केल्या. रघुजी पाँडेचरी न घेताच माघारी वळले. माझ्या मते त्या दिवशी टोपीकरांना आपल्या तटाची खरी किंमत कळली.

सात वर्षांनी चंदासाहेब सुटला तो फ्रेंच गव्हर्नर डुप्लेच्या पटावरचे मोहरे होऊनच. १७४९ मध्ये अंबूरला नवाब अन्वरुद्दीन मारला गेला. त्याच्या मुलाची, महंमद अलीची, बाजू इंग्रजांनी घेतली. १७५१ मध्ये क्लाइव्हने अर्काट घेतले आणि १७५२ मध्ये चंदासाहेबाचा शेवट झाला. भांडण नवाबीचे, पण लढत होत्या दोन व्यापारी कंपन्या.

तोवर रघुजींची नजर बंगालवर होती. १७४२ मध्ये त्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर तिकडे घुसले. त्या धास्तीने कलकत्त्यात खंदक खणला गेला. मराठ्यांचेच नाव त्याला मिळाले. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दीखानाने बोलणीच्या मिषाने भास्करपंतांचा घात केला. रघुजी हटले नाहीत. १७५१ च्या तहात ओरिसा हाती आला आणि बंगालची सालिना बारा लाखांची चौथ ठरली. पण या स्वाऱ्यांत बंगालची गावे उजाड झाली. तिथल्या अंगाईगीतात बर्गी म्हणजे आपलेच घोडेस्वार. हे नागपूरकराने लपवू नये.

फेब्रुवारी १७५५ मध्ये रघुजी वारले. दोनच वर्षांनी प्लासी झाली. दहा वर्षांच्या स्वाऱ्यांनी खिळखिळा झालेला बंगाल क्लाइव्हच्या हाती पडला. १८०३ मध्ये देवगावच्या तहाने कटक गेले, १८१७ मध्ये सीताबर्डीवर भोसल्यांची फौज हरली, १८५४ मध्ये राज्यच खालसा झाले.

रघुजींच्या पराक्रमाविषयी मला शंका नाही. त्यांनी टोपीकरांचे पोलाद पारखून कमरेला लावले. त्यांच्या वखारी मात्र खंडणीपुरत्याच मोजल्या. सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांनी नंतर बांधलेला किल्ला आजही उभा आहे. त्याखालून जाताना मला पाँडेचरीचा तो तट आठवतो.